परतीचं विमान लवकर का पोचतं?

मुंबई-लंडनचं जाण्यायेण्याचं तिकीट हातात आलं की आपण काय बघतो? भाडं, सामानाचे किलो आणि खिडकी मिळाली की नाही. पण त्याच तिकिटावर एक गंमत गुपचूप छापलेली असते. जाताना लागतात साडेनऊ ते दहा तास. येताना नऊच्या आसपास, कधीकधी त्याहूनही कमी. (दोन घड्याळांमधला साडेपाच तासांचा, आणि लंडनच्या उन्हाळ्यात साडेचार तासांचा फरक काढून टाकल्यावरचा हा हिशेब.) शहरं तीच, विमान त्याच जातीचं, मधली जमीन कुणी रात्रीतून गुंडाळून नेलेली नाही. मग हा तासाभराचा फरक येतो कुठून?

चारचौघांत हा प्रश्न टाकून बघा. कुणीतरी हमखास म्हणेल, ‘त्यात काय एवढं? पृथ्वी फिरते ना!’ आणि सगळे माना डोलावतील.

जरा थांबू या. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, हे खरं. म्हणजे मुंबईतून विमान हवेत उठलं की पश्चिमेचं लंडन उलट आपल्याच दिशेने सरकत येणार! या न्यायाने जातानाचा प्रवास छोटा व्हायला हवा आणि येतानाचा लांबायला हवा. प्रत्यक्षात तर नेमकं उलटं घडतं. शिवाय हा न्याय खरा असता तर विमानाची गरजच काय होती? मुंबईच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे 1,580 किलोमीटर वेगाने पूर्वेकडे धावते आहे. हेलिकॉप्टरने जुहूवर नुसतं उठायचं, तासभर जागच्या जागी थांबायचं आणि खाली उतरायचं, की आलं ओमान! तसं होत नाही, कारण जमिनीबरोबर तिच्यावरची हवाही फिरते आणि त्या हवेतलं विमानही. धावत्या डेक्कन क्वीनमध्ये शेंगदाणा वर उडवला तर तो तुमच्याच हातात पडतो, मागच्या डब्यातल्या माणसाच्या हातात नाही. तसंच हे.

म्हणजे पृथ्वीचं फिरणं निर्दोष सुटलं? इतक्यात नाही. पुढच्या दाराने घालवलेला हा पाहुणा मागच्या दाराने परत येणार आहे. पण त्याआधी एक साधा वाटणारा प्रश्न सोडवायला हवा: मुंबई ते लंडन अंतर किती?

रेल्वेला हा प्रश्न पडत नाही. रूळ जिथून जातात तेवढं अंतर. आकाशात रूळ नाहीत. मग ‘सरळ’ म्हणजे कुठून?

घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल तर तो काढा आणि एक दोरा घ्या. एक टोक मुंबईवर दाबा, दुसरं लंडनवर, आणि दोरा ताणा. तो ज्या वाटेने ताठ बसेल ती सगळ्यात जवळची वाट. आता ती भिंतीवरच्या नकाशाशी ताडून पाहा. नकाशावर पट्टी लावली तर रेघ इराणचं आखात, इराक, तुर्कस्तान अशी खालून जाते. दोरा मात्र वर चढतो. बलुचिस्तान, इराण, कॅस्पियन समुद्राचा नैऋत्य कोपरा, मग कॉकेशसचे डोंगर, क्रिमिया, युक्रेन, पोलंडचा दक्षिण भाग, जर्मनी आणि लंडन. या वाटेचा बरोबर मधला बिंदू काढला तर तो आर्मेनिया आणि जॉर्जिया यांच्या सीमेपाशी पडतो. मुंबई-लंडनचं अर्धं अंतर म्हणजे आर्मेनिया, हे कुणाच्या स्वप्नात तरी आलं असतं का?

आता लंडनच्या टोकाकडे नीट बघा. मुंबई लंडनपेक्षा 32 अंश दक्षिणेला आहे. तेव्हा लंडनहून मुंबईला निघताना तोंड आग्नेयेकडे हवं, असंच कुणीही म्हणेल. पण दोरा तिथून निघतो तो जवळजवळ नेमका पूर्वेकडे! अंशाचा अर्धा हिस्सा इकडेतिकडे, इतका नेमका. लंडनमध्ये उभं राहून मुंबईकडे तोंड करायचं असेल तर उगवतीकडे तोंड करावं लागतं. वाटेत कुठेही न वळता, नाकासमोर चालत राहिलं की ही पूर्वेकडची वाट आपोआप खाली उतरत जाते आणि मुंबईत शिरताना तिचं तोंड आग्नेयेकडे झालेलं असतं. वळत कुणीच नाही. गोलावर ‘सरळ’ असंच दिसतं, आणि सपाट कागद ते दाखवू शकत नाही.

अंतर मोजायची युक्ती त्याहून देखणी आहे. पृथ्वीच्या केंद्रात बसून एक बोट मुंबईकडे आणि दुसरं लंडनकडे रोखलं, तर दोन बोटांमधला कोन भरतो 64.9 अंश. त्याला 60 ने गुणा: साधारण 3,890. झालं! हे अंतर, नॉटिकल मैलांत. कारण नॉटिकल मैल म्हणजेच पृथ्वीच्या परिघावरचा एका अंशाचा साठावा भाग. दर्यावर्दी लोकांनी कोनालाच मैल करून टाकलं आणि वैमानिकांनी ते जसंच्या तसं उचललं. म्हणून आजही कॉकपिटमध्ये अंतर नॉटिकल मैलांत आणि वेग नॉटमध्ये मोजतात. एक नॉटिकल मैल 1,852 मीटरचा. म्हणजे मुंबई ते लंडन सुमारे 7,200 किलोमीटर.

हा आकडा मात्र दोऱ्याचा. माणसांनी आकाशालाही कुंपणं घातली आहेत. युक्रेनवरचं आकाश 24 फेब्रुवारी 2022 पासून प्रवासी विमानांना बंद झालं. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली, आणि भारतानेही तेच केलं. जून 2025 मध्ये इराणचं आकाशही काही दिवस बंद झालं होतं. असं काही झालं की ताणलेला दोरा दक्षिणेकडे ओघळतो आणि काही शे किलोमीटर वाढतात. दिल्लीकरांना याची झळ जास्त बसते, कारण त्यांची पश्चिमेची वाट दाराबाहेर पडताच पाकिस्तानात शिरते. मुंबईचं विमान निदान अरबी समुद्रावरून निसटू शकतं.

बरं, अंतर कळलं. आता वेग.

आजची लांब पल्ल्याची विमानं आवाजाच्या वेगाच्या 85 टक्के वेगाने उडतात. हा आवाजाचा वेगही गमतीचा आहे. मुंबईच्या उकाड्यात आवाज ताशी 1,250 किलोमीटरने धावतो, पण 11 किलोमीटर उंचीवर, उणे 56 अंशांच्या थंडीत, तो ताशी 1,060 वर येतो. त्याचे 85 टक्के म्हणजे ताशी 900 किलोमीटर. एवढ्या उंच जायचं कशाला? तिथल्या हवेची घनता खालच्या हवेच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी असते. रेटायला हवाच कमी, म्हणून तेवढ्याच इंधनात विमान कितीतरी लांब जातं. इंधन जळून विमान हलकं झालं की ते आणखी एक-दोन पायऱ्या वर चढतं. प्रवाशाला पत्ताही लागत नाही.

इथे एक विलक्षण गोष्ट सांगायलाच हवी. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटांनी इवलंसं पुस मॉथ विमान कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला आणलं, ते लंडनहून कराचीला आलेली टपाल घेऊन. 8 जून 1948 च्या रात्री एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ 35 प्रवासी घेऊन कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघालं. थांबे धरून प्रवास एका अख्ख्या दिवसाचा. 1960 मध्ये जेट आलं, बोइंग 707. आणि तिथून पुढे? काही नाही! आजच्या विमानाचा उडण्याचा वेग त्या 707 पेक्षा फारसा वाढलेला नाही. मधले थांबे गेले, इंधन वाचलं, आवाज कमी झाला, समोर सिनेमा आला. वेग तिथेच राहिला. फोन, संगणक, गाड्या, सगळं कुठल्या कुठे पोचलं, आणि विमान साठ वर्षं त्याच वेगाने उडतं आहे.

कारण सरळ आहे. आवाजाच्या वेगाजवळ गेलं की पंखाच्या वरच्या अंगावरून घसरणारी हवा आधीच ती मर्यादा ओलांडते, तिथे धक्कालहरी उठतात आणि हवेचा विरोध एकदम उसळी मारतो. ती भिंत फोडून पलीकडे जाणारं ‘कॉन्कॉर्ड’ 1976 ते 2003 या काळात प्रवाशांना घेऊन उडलं, पण इंधन इतकं पिणारं की शेवटी परवडेना. तेव्हा ताशी 900, हीच शहाण्यांची मर्यादा ठरली.

7,200 ला 900 ने भागा. आठ तास! जातानाही आठ, येतानाही आठ. हे उत्तर चुकतं कुठे?

चुकतं ते ‘ताशी 900’ या शब्दांत. कशाच्या तुलनेत 900? जमिनीच्या नाही, भोवतीच्या हवेच्या. विमानाला जमीन ठाऊकच नसते.

पुढच्या वेळी विमानात शिरताना, एरोब्रिजच्या तोंडाशी रांग खोळंबली असेल तेव्हा, डावीकडे विमानाच्या नाकाकडे बघा. कॉकपिटच्या खिडक्यांच्या खाली, अंगापासून थोडी बाहेर आलेली, पुढे तोंड केलेली एक छोटीशी नळी दिसेल. बोटाएवढ्या या नळीच्या टोकाला भोक असतं. समोरून येणारी हवा त्यात कोंडते, तिचा दाब मोजला जातो आणि त्यावरून कळतं की विमान हवेत किती वेगाने घुसतं आहे. वर बर्फ धरून भोक बुजू नये म्हणून तिला आतून वीज देऊन तापवतात. हिचं नाव पिटो ट्यूब. आंरी पिटो नावाच्या फ्रेंच अभियंत्याने 1732 साली पॅरिसच्या सीन नदीत काचेची नळी बुडवून पाण्याचा वेग मोजला, ती ही नळी. विमानाचा शोध लागायला तेव्हा पावणेदोनशे वर्षं बाकी होती.

नळीने सांगितलेला वेग हवेतला. उपग्रहांकडून मिळतो तो जमिनीवरचा. दोन्हींची तुलना केली की उरतो तो वारा. समोरच्या पडद्यावर ‘ग्राउंड स्पीड’ म्हणून जो आकडा लुकलुकत असतो, तो कधी 780 असतो, कधी 1,050. इंजिन तेवढंच काम करत असतं. बाकी सगळी करामत वाऱ्याची.

एवढा वारा वर आणतो कोण? आता तो मागच्या दाराचा पाहुणा आत येतो.

विषुववृत्तावर हवा तापते, वर चढते आणि उत्तर-दक्षिणेकडे सरकू लागते. 1735 साली जॉर्ज हॅडली नावाच्या लंडनच्या एका वकिलाने (हो, वकिलाने!) पृथ्वीच्या फिरण्याचा आणि या सरकत्या हवेचा संबंध पहिल्यांदा नीट जोडून दाखवला. विषुववृत्तावरची हवा जमिनीबरोबर ताशी 1,670 किलोमीटरने पूर्वेकडे जात असते. तीच हवा उत्तरेला 30 अंशांवर, म्हणजे साधारण दिल्लीच्या थोडं वर, पोचते. तिथे पृथ्वीचं वर्तुळ लहान झालेलं असतं आणि जमीन ताशी 1,446 नेच फिरत असते. हवा आपला जुना वेग घेऊनच आलेली. शिवाय फिरणारी वस्तू आसाच्या जवळ आली की तिचा वेग वाढतो, हा भौतिकशास्त्राचा नियम. त्या नियमाने ती हवा 1,928 वर पोचायला हवी. म्हणजे जमिनीपेक्षा ताशी 480 किलोमीटर पुढे!

प्रत्यक्षात वाटेतले भोवरे आणि घर्षण बरंच काही खाऊन टाकतात, पण जे उरतं तेही अफाट असतं. 10-12 किलोमीटर उंचीवर पृथ्वीला वेढून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या या वाऱ्याच्या नद्या, जेट स्ट्रीम. ताशी 150-200 हा यांचा नेहमीचा वेग, हिवाळ्यात त्या 300 पार करतात. उत्तरेला आणखी एक अशीच नदी, ध्रुवाकडची गार हवा आणि इकडची उबदार हवा जिथे भिडतात तिथे. मुंबई-लंडनची वाट नेमकी या दोन्हींच्या मुलखातून जाते. जाताना वारा छातीवर, येताना पाठीवर. तेव्हा चारचौघांतल्या त्या माणसाचं उत्तर अगदीच चुकलं नव्हतं. पृथ्वीच्या फिरण्यानेच फरक पडतो, फक्त ते काम ती वाऱ्याकडून करवून घेते.

या नद्या आपल्या डोक्यावर कायमच वाहत होत्या, पण 1920 पर्यंत कुणाला त्यांची गंधवार्ता नव्हती. मग जपानमध्ये तातेनो इथे वासाबुरो ओइशी नावाच्या हवामानशास्त्रज्ञाने फुगे सोडून, दुर्बिणीतून त्यांचा माग काढत, हिवाळ्यातला हा प्रचंड वारा पकडला. एवढा मोठा शोध! साऱ्या जगाला तो वाचता यावा म्हणून त्याने 1926 मध्ये आपला अहवाल लिहिला एस्पेरांतो भाषेत. ही भाषा एक दिवस सगळ्या जगाची होणार, असा त्याचा पक्का विश्वास. जगाने अर्थातच तो वाचला नाही. नोव्हेंबर 1944 मध्ये अमेरिकेची बी-29 बॉम्बफेकी विमानं टोकियोवर नऊ-दहा किलोमीटर उंचीवरून आली, तेव्हा वाऱ्याने त्यांना असं भिरकावलं की नेम लागेनात. जे वैमानिकांना अंगावर झेलावं लागलं, ते अठरा वर्षं छापील पडून होतं.

आपल्याकडची कथा त्याहून सुरस, कारण आपल्या डोक्यावर ऋतूप्रमाणे वारा बदलतो. हिवाळ्यात उत्तर भारतावर पश्चिमेकडून येणारा जेट स्ट्रीम ठाण मांडतो. त्याच्या आधाराने भूमध्य समुद्राकडून पश्चिमी झंझावात येतात. काश्मीरचा बर्फ त्यांचा, आणि विदर्भ-मराठवाड्यात कधीकधी उभ्या हरभऱ्यावर होणाऱ्या गारपिटीतही त्यांचा हात असतो. पावसाळा आला की ही नदी हिमालयाच्या पलीकडे सरकते आणि दक्षिण भारतावर उलट दिशेचा, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा जेट सुरू होतो, 14-15 किलोमीटर उंचीवर. या वाऱ्याचं सविस्तर वर्णन 1958 मध्ये जगापुढे ठेवलं ते पी. कोटेश्वरम या भारतीय हवामानशास्त्रज्ञाने. तिबेटचं पठार उन्हाळ्यात तापतं, त्यावरची हवा फुगते, आणि त्यातून हा वारा जन्मतो. विमानांच्या उंचीवरही त्याचा पदर लागतो. म्हणजे जुलैत मुंबईहून लंडनला निघालात तर पहिला टप्पा पाठीवर वारा घेऊन जाऊ शकता. खाली अंधेरीत पाऊस नैऋत्येकडून झोडपतोय आणि वर वारा पूर्वेचा!

आता मनात एक हिशेब आला असेल. जाताना जो वेळ गेला तो येताना मिळाला, म्हणजे बरोबरी? मलाही हेच पटलं असतं, पण आकडे ऐकत नाहीत. ताशी 100 किलोमीटरचा वारा धरा. जाताना वेग 800, म्हणजे नऊ तास. येताना 1,000, म्हणजे सात तास बारा मिनिटं. बेरीज सोळा तास बारा मिनिटं. वारा नसता तर सोळा. बारा मिनिटं बुडाली ती बुडालीच. का? विरोधी वाऱ्यात विमान जास्त वेळ सापडतं आणि अनुकूल वाऱ्यातून चटकन निघून जातं. वारा कितीही जोराचा असो, एकाच वाटेने परत यायचं तर तो एकूण तोटाच देतो.

एकाच वाटेने यायचं तर! पण वाट बदलली तर? ऑक्टोबर 2016 मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमानाबाबत हेच केलं. आधी ते पश्चिमेकडे, युरोप आणि अटलांटिकवरून जायचं, सुमारे 13,900 किलोमीटर. त्यांनी ते उलट बाजूने, पॅसिफिकवरून नेलं. अंतर झालं सुमारे 15,300 किलोमीटर. चौदाशे किलोमीटर जास्त! आणि विमान पोचलं साडेचौदा तासांत, आधीपेक्षा सुमारे दोन तास लवकर. लांबचा रस्ता जवळचा ठरला, कारण तो वाऱ्याबरोबर होता. याचं दुसरं टोक फेब्रुवारी 2020 मध्ये दिसलं. कियारा वादळाच्या दिवसांत न्यूयॉर्कहून निघालेलं ब्रिटिश एअरवेजचं 747 चार तास छप्पन्न मिनिटांत लंडनला टेकलं. जमिनीवरचा त्याचा वेग ताशी 1,300 किलोमीटरच्या वर गेला होता. समुद्रसपाटीवरच्या आवाजापेक्षाही जास्त! तरी आवाजाची भिंत काही फुटली नाही, कारण भोवतीची हवाच धावत होती आणि त्या हवेत विमान रोजच्याच वेगाने चाललं होतं.

मग रोजची वाट ठरवतं कोण? उड्डाणाच्या काही तास आधी जमिनीवर बसलेला डिस्पॅचर. लंडन आणि वॉशिंग्टन इथली दोन केंद्रं साऱ्या जगाच्या आकाशातल्या वाऱ्याचा अंदाज पुरवतात. तो घेऊन संगणक शेकडो वाटा तपासतो आणि त्या दिवसापुरती सगळ्यात स्वस्त वाट काढतो. कालची वाट आज असेलच असं नाही. त्यात नियम एकच, पण फार कामाचा: पूर्वेकडे जाणाऱ्यांनी विषम हजार फुटांवर उडायचं, 35, 37, 39 हजार, आणि पश्चिमेकडे जाणाऱ्यांनी सम हजारांवर. म्हणून लंडनला जाणारं आणि तिकडून येणारं विमान एकमेकांच्या डोक्यावरून सुखरूप निघून जातात.

आणि हा अंदाज येतो कुठून? ओइशीच्या फुग्यांपासून फार लांब नाही. भारतीय हवामान विभाग मुंबईसह अनेक ठिकाणांहून रोज दोनदा, आपल्या पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या वेळेसाठी, यंत्र बांधलेले फुगे सोडतो. त्याच वेळेला जगभरातून शेकडो फुगे वर चढत असतात. उपग्रह आहेतच. शिवाय विमानं स्वतः वाटेत मोजलेला वारा आणि तापमान खाली कळवत जातात. तुमच्या आधी गेलेल्या विमानाने मोजलेला वारा तुमच्या विमानाची वाट ठरवतो, आणि तुमचं विमान मागून येणाऱ्याची. 2020 च्या टाळेबंदीत विमानं जमिनीवर बसली तेव्हा जगातल्या हवामान केंद्रांकडे येणाऱ्या या नोंदी एकदम आटल्या होत्या.

वरच्या एवढ्या शास्त्रावर खालची गर्दी मात्र सहज पाणी फिरवते. तिकिटावरचा वेळ मोजला जातो तो विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या जागेवर थांबेपर्यंत. मुंबईच्या जुन्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकीचाच उपयोग. लंडनच्या हिथ्रोभोवती उतरायची पाळी येईपर्यंत घिरट्या घालायच्या चार ठरलेल्या जागाच आहेत. कंपन्या हे सगळं धरून वेळापत्रकात थोडा वेळ वाढवूनच छापतात. कॅप्टन ‘आपण वीस मिनिटं लवकर पोचतोय’ असं अभिमानाने सांगतो, तेव्हा त्यातली काही मिनिटं वाऱ्याची असतात आणि काही वेळापत्रक करणाऱ्याच्या धूर्तपणाची.

शेवटची गोष्ट जरा काळजीची. हवामान बदलतं आहे तशा या नद्याही बदलत आहेत. ब्रिटनच्या रेडिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी 1979 ते 2020 या काळातल्या नोंदी तपासल्या. उत्तर अटलांटिकवरच्या एका नेहमीच्या ठिकाणी, स्वच्छ हवेतले तीव्र हादरे वर्षाला 17.7 तासांवरून 27.4 तासांवर गेल्याचं त्यांना आढळलं. म्हणजे 55 टक्के वाढ. हे हादरे जेट स्ट्रीमच्या काठाला बसतात, जिथे वेगवान हवा संथ हवेला घासते. तिथे ढग नसतो. विमानाच्या नाकातलं रडार थेंब आणि गारा टिपतं, त्यामुळे नुसत्या हवेतला हा खड्डा त्याला दिसत नाही. कॅप्टनलाही तो बसल्यावरच कळतो. तेव्हा परतीच्या वाटेवर ग्राउंड स्पीडचा आकडा हजाराच्या वर गेलेला दिसला तर जरूर खूश व्हा, शेजाऱ्यालाही दाखवा. पण पट्ट्याचा दिवा विझला म्हणून पट्टा सोडू नका. सैल ठेवा, पण बांधलेलाच ठेवा.